स्टेनचा दोष नाही, तो लाकडापर्यंत पोहोचलाच नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्वयंपाकघरातली कपाटं पंधरा वर्षांची. लाकडी शटर्स पिवळट पडलीत, हँडलभोवती हाताला चिकट लागतात. त्यांना गडद अक्रोडी रंग द्यायचा म्हणून तुम्ही एका शटरच्या कोपऱ्यावर सँडपेपर मारला, वर स्टेन लावला. तो कुठे काळा पडला, कुठे धरलाच नाही, आणि दोन दिवस उलटले तरी बोटाला लागतोय. आता कोणता स्टेन आणावा आणि त्याचे किती हात मारावेत, हे तुम्हाला हवंय.

हात एकच, फार तर दोन. आणि कोणता स्टेन, हा नंतरचा प्रश्न. गडबड स्टेनच्या आधी झाली आहे.

स्टेन म्हणजे ऑइलपेंट नव्हे. ऑइलपेंट पृष्ठभागावर थर करून बसतो, त्याला खाली काय आहे याची फारशी फिकीर नसते. स्टेनमध्ये बारीक रंगद्रव्य असतं, ते लाकडाच्या छिद्रांत आणि पेपरच्या ओरखड्यांत जाऊन बसतं. उरलेला स्टेन पुसून टाकायचा असतो. म्हणजे लाकूड उघडं हवं. तुमच्या कोपऱ्यावर जिथे जुनं पॉलिश पूर्ण निघालं तिथे लाकडाने स्टेन प्यायला आणि तो काळा पडला. जिथे पॉलिशचा पातळ पापुद्रा राहिला तिथे स्टेनला शिरायला जागाच नव्हती, तो वर तरंगत राहिला. चिकटपणा त्याचाच. तिथे अजून चार हात मारले असते तर चौपट चिकट झालं असतं. आता टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने तो भाग पुसून घ्या, न सुकलेला स्टेन बराचसा निघून येईल.

मी २२ वर्षं जुन्या फर्निचरला पॉलिश करतोय. गिऱ्हाईक रंगाच्या पट्ट्या घेऊन येतं आणि मी आधी स्क्रू ड्रायव्हर काढतो. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

शटर कशाचं आहे?

एक शटर उतरवा आणि बिजागरीची वाटी काढा. हल्लीच्या बहुतेक बिजागऱ्यांना शटरच्या मागच्या बाजूला ३५ मिलिमीटरचा गोल खड्डा पाडलेला असतो. त्याला कुणी पॉलिश करत नाही, त्यामुळे शटरचं पोट तिथे उघडं दिसतं. टॉर्च मारून खड्ड्याची भिंत बघा. रेषा सलग असतील आणि त्याच रेषा पुढच्या पृष्ठभागावर दिसत असतील, तर भरीव लाकूड. आडवे-उभे थर दिसले तर प्लाय, म्हणजे पुढे व्हिनियर, लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेला असणार. पुठ्ठ्यासारखा एकसंध तपकिरी लगदा दिसला तर एमडीएफ. त्यावर व्हिनियर असेल किंवा लाकडाचं चित्र छापलेली फॉइल असेल.

फॉइल असेल तर स्टेनचा विचार सोडा. छापील चित्राला छिद्रं नसतात. ओळखायची खूण सोपी आहे. फॉइलच्या दोन-तीन शटर्सवर तीच गाठ, त्याच वळणाची, पुन्हा सापडते. खऱ्या लाकडात दोन गाठी सारख्या नसतात. फॉइल असेल तर चांगला प्रायमर मारून ऑइलपेंट किंवा नव्या शटर्स, हे दोनच मार्ग. पुढचं सगळं खऱ्या लाकडासाठी किंवा व्हिनियरसाठी आहे.

वर काय आहे?

हे शोधायला कापसाचे दोन बोळे पुरतात. एक बोळा पॉलिशच्या स्पिरिटमध्ये भिजवून शटरच्या मागच्या कोपऱ्यावर मिनिटभर दाबून धरा. पॉलिश मऊ पडून बोळ्याला तपकिरी लागलं, तर ते लाखेचं पॉलिश आहे. काहीच झालं नाही तर दुसरा बोळा लॅकर थिनरचा. त्याने पृष्ठभाग विरघळून चिकट झाला तर नायट्रोसेल्युलोज लॅकर. दोन्हींनी ढिम्म हललं नाही, किंवा नुसतं सुरकुतलं, तर वर पीयू (पॉलियुरेथेन), मेलामाइन किंवा तेलावरचं वॉर्निश आहे, आणि ते उतरवायला कष्ट पडतील.

हे कळल्यावर दुसरी चाचणी, आणि ही पहिलीपेक्षा महत्त्वाची. धारदार ब्लेडने पॉलिशवर बारीक जाळी कोरा, सहा रेघा उभ्या आणि सहा आडव्या. त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. पट्टीला पापुद्रे आले तर जुनं पॉलिश लाकूड सोडतंय, त्याच्यावर काहीही चढवलं तरी ते त्याच्यासोबत निघून येणार. पट्टी कोरी आली तर पॉलिश अजून घट्ट आहे.

घट्ट असेल तर एक गोष्ट विचारतो: सगळं खरवडायचंच असा हट्ट आहे का? कारण इथून तीन वाटा फुटतात आणि कोणती घ्यायची हे तुमच्या कपाटांवर, वेळेवर आणि रंगाच्या हौसेवर ठरतं.

रंग हाच ठेवायचा असेल तर नीट धुवा, २२० नंबरच्या पेपरने हलका हात फिरवून चमक मारा, म्हणजे घालवा, आणि नव्या पॉलिशचे दोन हात द्या. निम्म्या कपाटांना एवढंच पुरतं. पिवळेपणातला बराचसा भाग पॉलिशचा नसतो, वर साचलेल्या धूर-तेलाचा असतो. धुतल्यावर लोकांचा विचार बदललेला मी अनेकदा पाहिलाय.

गडद करायचं आहे आणि जुनं पॉलिश घट्ट आहे, तर मधली वाट. चमक मारून त्यावर जेल स्टेनचा पातळ, सारखा थर द्यायचा. जेल स्टेन घट्ट असतो, तो शिरत नाही, वर राहतो, आणि इथे नेमकं तेच हवंय. पण तो आपल्या बळावर टिकत नाही. त्याला वरून पारदर्शक पॉलिशचं कवच लागतंच, आणि खोल ओरखडा पडला की खालचा जुना रंग डोकावतो. सुकायलाही वेळ घेतो. मी एका थराला पूर्ण दिवस देतो, हवा दमट असेल तर दोन.

तिसरी वाट म्हणजे लाकूड उघडं करणं. पॉलिश सुटत असेल, डाग खोलवर गेले असतील, किंवा रेषांचं खरं रूप दिसणारा रंग हवा असेल तर हीच. फिकट रंग हवा असेल तरीही हीच, कारण स्टेन लाकूड गडद करतो, कधीच फिकट करत नाही.

तुमचं वर्णन वाचून माझा कौल मधल्या वाटेला आहे, फक्त हँडलभोवतीचा चिकट भाग सोडून. तिथलं पॉलिश हाताच्या तेल-घामाने वर्षानुवर्षं मऊ पडलंय, ते पुन्हा कडक होत नाही. तेवढा भाग लाकडापर्यंत काढावा लागेल. मग तो भाग आणि बाकीचं शटर एकसारखं दिसणं अवघड जातं. शटर्स दहा-बारा असतील आणि सगळ्यांवर हा चिकट पट्टा वितभर पसरला असेल, तर सरळ तिसरी वाट धरा.

धुणं

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळी भिस्त त्याच्यावर आहे. पेपर मारण्याआधी धुवायचं, नंतर नाही. तेलकट पृष्ठभागावर पेपर मारला की तेल लाकडात दाबलं जातं. आधी कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, पिळलेल्या फडक्याने, पाणी न साचवता. मग साध्या पाण्याने पुसून कोरडं. नंतर टर्पेंटाइनचं फडकं, कारण मेण आणि चरबीचा काही भाग पाण्याला दाद देत नाही. फडकं पांढरं राहीपर्यंत.

फर्निचर चमकवायचे फवारे वापरले असतील तर सांभाळा. त्यांत बहुधा सिलिकॉन असतं. नवं पॉलिश मारल्यावर ते माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे करून सिलिकॉनपासून दूर पळतं. असा खड्डा दिसला की वर अजून पॉलिश ओतू नका. ओलं असतानाच पुसा आणि मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात देऊन मग पुढे जा. लाख बहुतेक सगळ्यांवर बसते आणि तिच्यावर बहुतेक सगळं बसतं. मेण असलेल्या लाखेवर मात्र पीयू नीट धरत नाही, म्हणून डब्यावर बघून घ्या.

काढणं, आणि माझी एक चूक

भरीव लाकूड असेल तर पेपर मारून काढता येतं. व्हिनियर असेल तर रसायनाने काढा, पेपर शेवटी आणि तोही हाताने. व्हिनियरची जाडी बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून कमी असते.

धंद्यात तिसरं वर्ष होतं. एका घरातली व्हिनियरची शटर्स, हातात पेपर मारायचं नवं ऑर्बिटल मशीन आणि अंगात घाई. कडेला पॉलिशचा एक डाग राहिला होता म्हणून मशीन तिथे चार-पाच सेकंद जास्त टेकवलं. आधी रंग बदलला, मग रेषा पुसट झाल्या, मग अचानक आडव्या रेषांचा पिवळट ठिपका उमटला. तो प्लायचा दुसरा थर. मशीन बंद करून मी त्या ठिपक्याकडे बघत उभा राहिलो. आधी स्टेन लावून बघितला, ठिपका अजून उठून दिसला. शेवटी बारीक ब्रशने रंगाच्या रेषा काढून तो झाकला आणि मालकाला सांगून पैसे कमी घेतले. तेव्हापासून व्हिनियरच्या कडांना मशीन लावत नाही. तुम्हीही लावू नका. बहुतेक वेळा कडाच आधी जातात.

पॉलिश काढायच्या रसायनांत मिथिलीन क्लोराइड असलेलं घेऊ नका. काम झटपट होतं, पण बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसं दगावली आहेत. अमेरिकेत २०१९ मध्ये रंग काढायच्या अशा रसायनांची घरगुती ग्राहकांना विक्री बंद करण्यात आली. कमी तीव्रतेची रसायनं तासभर जास्त घेतात, घेऊ द्या. जाडसर लावा, वरून प्लास्टिक अंथरा म्हणजे सुकणार नाही, आणि बोथट पट्टीने रेषेच्या दिशेने ओढून काढा. कोपऱ्यांत जुना टूथब्रश.

कपाटांवर पारदर्शक पॉलिशऐवजी जुना ऑइलपेंट असेल आणि तो किती जुना हे माहीत नसेल, तर कोरडा पेपर अजिबात मारू नका. जुन्या रंगांत शिसं असायचं, आणि ती भुकटी लहान मुलांना सगळ्यात वाईट. आधी तपासून घ्या.

पेपर

१२०, मग १५०, मग १८०. बस. प्रत्येक नंबरचं काम आधीच्या नंबरचे ओरखडे काढणं एवढंच असतं, म्हणून मधला नंबर गाळू नका. १८० च्या पुढे जायचा मोह होतो, कारण हाताला मखमल लागते. पण लाकूड जितकं गुळगुळीत तितकी रंगद्रव्याला बसायला जागा कमी, आणि रंग फिका येतो. शटरच्या वरच्या-खालच्या टोकांना मात्र २२० मारा. तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, त्या स्टेन ढसाढसा पितात आणि टोकं काळी पडतात.

मशीनने काम केलं असेल तरी शेवटचा १८० हाताने, ठोकळ्याला गुंडाळून, रेषेच्या दिशेने. मशीन डुकराच्या शेपटीसारखी बारीक वेटोळी सोडतं. कोरड्या लाकडावर ती दिसत नाहीत, स्टेन लागला की शंभर एका वेळी दिसतात. दिवा आडवा धरून बघितला तर आधीच सापडतात.

पाण्यावरचा स्टेन किंवा पॉलिश वापरणार असाल तर आधी ओल्या फडक्याने लाकूड पुसा, सुकू द्या. तंतू उभे राहून खरखरीत लागेल. २२० चा हलका हात मारून ते कापा. नाही तर हेच तुमच्या पॉलिशखाली होईल.

खड्डे भरायची लांबी, म्हणजे पुट्टी, शक्य तितकी कमी लावा. डब्यावर 'स्टेन धरते' असं लिहिलेलं असलं तरी ती लाकडासारखा कधी धरत नाही. बुजवलेला खिळा चालतो, टिकलीएवढा फिका ठिपका रोज दिसतो. मी बऱ्याचदा आधी स्टेन देऊन, सीलर (छिद्रं बंद करणारा पातळ हात) मारून, मग रंगीत मेणाने भोक बुजवतो.

स्टेन

नमुना दुकानातल्या पट्टीवर बघू नका. शटरच्या मागच्या बाजूला, तोच पेपर, तोच स्टेन, वर तेच पॉलिश, असा पूर्ण नमुना करा. सुकलेला स्टेन मेलेला दिसतो, पॉलिश चढलं की उठतो. घाईत अंदाज हवा असेल तर सुकलेल्या स्टेनवर टर्पेंटाइनचा हात फिरवा. ओलं असताना जो रंग दिसतो, साधारण तोच पॉलिशखाली येतो. फक्त स्टेन पूर्ण सुकलेला हवा, नाही तर निघून येईल.

पाइन, बर्च, मेपल अशी लाकडं स्टेन सारखा पीत नाहीत, ढगाळ दिसतात. त्यांच्यावर जेल स्टेन घ्या, किंवा मेण काढलेली लाख खूप पातळ करून एक हात आधी द्या. सागवानाचं दुखणं वेगळं. ते मुळात तेलकट असतं, वरचं पॉलिश सुकायला त्रास देतं. पॉलिशआधी थिनरच्या फडक्याने पुसून लगेच काम सुरू करा. ओक आणि सागवानाला ओलं लोखंड लागू देऊ नका. स्टील वूलचा तुकडा अडकून राहिला तर निळा-काळा डाग पडतो.

लावताना एका वेळी एकच शटर घ्या. फडक्याने भरपूर लावा, पाचेक मिनिटं थांबा, आणि शेवटचा पुसण्याचा हात टोकापासून टोकापर्यंत सलग, रेषेच्या दिशेने. मध्ये फोन आला तर वाजू द्या. चौकटीत बसवलेली पाटी असेल, तर तिच्या खोबणीत जाणाऱ्या कडांनाही स्टेन पोहोचवा. कोरड्या दिवसांत ती पाटी आकसते आणि न रंगलेली पांढरी रेघ बाहेर येते. तीच खोबण पॉलिशने भरून चिकटवूही नका. पाटीला हलायला जागा लागते, नाही तर तडकते.

एक धोका स्पष्ट सांगतो. तेलावरच्या स्टेनची आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून बादलीत टाकू नका. तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि गरम होतं. गोळ्यात ती उष्णता अडकते, आणि ठिणगीशिवाय फडकं पेट घेतं. ही ऐकीव गोष्ट नाही. एकेक फडकं उघड्यावर पसरून कडक सुकू द्या, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.

वरचं पॉलिश

पाण्यावरचं पीयू पटकन सुकतं, वास कमी, पिवळं पडत नाही. तेलावरचं पीयू थोडं मधाळ दिसतं, हळू सुकतं, पण नवख्या हाताला ब्रशच्या खुणा बुजवायला वेळ देतं. गडद अक्रोडीवर मधाळ छटा शोभते, म्हणून घाई नसेल तर मी तेलावरचं निवडेन. खाली तेलावरचा स्टेन आणि वर पाण्याचं पॉलिश असेल तर स्टेन पूर्ण सुकल्याखेरीज पुढे जाऊ नका. डब्यावरची वेळ कोरड्या हवेतली असते, दमट हवेत दुप्पट धरा.

तीन हात, पातळ. डबा हलवू नका, बुडबुडे शिरतात. काठीने तळापासून ढवळा, कारण सॅटिन किंवा मॅटमधली चमक मारणारी भुकटी तळाशी बसते आणि न ढवळता वापरलं तर पहिलं शटर चकचकीत आणि शेवटचं धुरकट होतं. दोन हातांमध्ये ३२० चा हलका हात. पाण्याच्या पॉलिशवर स्टील वूल नको, उरलेले कण गंजतात. लॅकर मारत असाल आणि पृष्ठभाग दुधासारखा पांढरा पडला तर ती हवेतली ओल आहे, कोरड्या दिवशी काम करा.

शटरच्या दोन्ही बाजूंना सारखेच हात द्या, नाही तर एक बाजू ओल जास्त घेते आणि शटर वाकतं. सिंकखालच्या शटर्सची खालची कड सगळे विसरतात, कारण ती दिसत नाही. पाणी ओघळून नेमकं तिथेच थांबतं. त्या कडेला मी एक हात जास्त देतो.

लावणं

उतरवताना प्रत्येक शटरला नंबर द्या. तो चिकटपट्टीवर लिहू नका, ती धुताना पडते. बिजागरीच्या त्याच खड्ड्यात पेन्सिलने लिहा आणि त्याच नंबरची खूण कपाटाच्या बिजागरीच्या पट्टीखाली. स्क्रू त्या-त्या नंबरच्या पाकिटात. एकसारखी दिसणारी शटर्सही मिलिमीटर-दोन मिलिमीटरने वेगळी असतात. नवी हँडलं घेताना जुन्या दोन भोकांमधलं अंतर मोजून घ्या, साधारणपणे ९६ किंवा १२८ मिलिमीटर असतं, म्हणजे जुनी भोकं बुजवायची पाळी येत नाही.

१८-२० शटर्स आणि एकटा माणूस असेल तर तीन आठवडे धरा, त्यातले बरेच दिवस नुसते सुकण्याचे. हाताला सुकलं म्हणजे पॉलिश पिकलं असं नाही. पाण्याच्या पॉलिशला दोन-तीन आठवडे, तेलाच्या पॉलिशला महिनाभर लागतो. तोवर ओलं फडकं, साबण, शटरवर टांगलेला टॉवेल काही नको. शटर लावताना चौकटीवर छोट्या रबरी टिकल्या चिकटवा. नाही तर पहिल्याच रात्री नवं पॉलिश चौकटीला चिकटेल आणि सकाळी शटर उघडताना पापुद्रा निघून येईल.

आज मात्र स्टेन विकत घेऊ नका. एक बिजागरी काढा, खड्ड्यात बघा, दोन बोळे आणि चिकटपट्टीची चाचणी करा. व्हिनियर निघाला आणि चिकटपट्टीला पापुद्रे आले, तर पेपर मारायचं मशीन आणूच नका.